हयात माणसानं बसू नये

ही गोष्ट मी लिहिणारच नव्हतो. विषय अगदी किरकोळ. एका माणसाला बसायचं होतं, बस. लढाई, स्वराज्य, त्याग असलं काही असतं तर हुरूप तरी आला असता. म्हणजे ते सगळं यात आहे, पण मधेमधे, अडगळीसारखं. शिवाय ज्याच्याकडून ही गोष्ट ऐकली तो मांडी ठोकून सांगायचा, मी मांडी ठोकून ऐकायचो, आणि संपली की दोघंही म्हणायचो, "कमाल हाय राजा," आणि चहा मागवायचो. असंच चालू राहिलं असतं. म्हणून लिहून टाकतो.

वऱ्हाड मध्यप्रांताच्या शेपटाला बांधलेलं होतं तेव्हाची गोष्ट. चांदूर बाजार आणि परतवाड्याच्या मधे कुठंतरी एक कचेरी होती. गावाचं नाव देत नाही. वऱ्हाडातल्या प्रत्येकाला ती आपल्याच गावची वाटेल आणि त्यात त्याचं काही चुकणार नाही. या कचेरीत दरसाल दसरा उलटला की लढाईवरून आलेल्या पेन्शनरांची हयातीची पेशी होई. शिपायानं साहेबापुढं जायचं आणि आपण अजून मेलेलो नाही हे सिद्ध करायचं. साहेब बसलेला. शिपाई उभा.

उभंच का, यालाही कारण होतं. सरकार विनाकारण काही करत नाही. एका साली एका पोरानं मेलेल्या बापाला फेटा बांधला, बैलबंडीत लोडाला टेकवला आणि कचेरीत आणून बाकावर बसवला. साहेबानं नाव विचारलं. पोरगा म्हणाला, "बाबाले आयकू येत नाई जी." साहेबानं सही केली. दुपारी वास आला तेव्हा चौकशी बसली आणि चौकशीतून नियम निघाला: मयत इसमास बसविता येते, उभे करता येत नाही, सबब उभे राहणे हाच हयातीचा पुरावा समजावा.

नियमात खोट काढायला जागा नव्हती. फक्त चंद्रभानला एकच पाय होता.

चंद्रभान आणि पंजाबराव दोघंही माळ्याची पोरं, एका गावची, एकाच साली खच्चर पलटणीत भरती झालेली. पहिल्या मोठ्या लढाईत सरकारनं त्यांना इराकात, बसऱ्याला नेलं. तिथल्या दजला नदीच्या काठानं गोऱ्या अफसरांचं सामान खच्चरांवर लादून न्यायचं, हे त्यांचं युद्ध. एका चढणीवर खच्चर बुजलं, दोर तुटला आणि एक भली मोठी पेटी चंद्रभानच्या पायावर आली. पेटीत अफसरांच्या जेवणघराच्या खुर्च्या होत्या. खुर्च्यांना ओरखडा आला नाही. पंजाबरावानं चंद्रभानला पाठंगुळी मारली आणि नदीपर्यंत आणला. पाय तिथंच राहिला.

"खुर्चीचं अन् माह्यं तवापासूनच जमत नाई," चंद्रभान म्हणायचा.

पंजाबराव परत आला तो झेंडू लावायला लागला. झेंडू, शेवंती, मेथी-पालक, कडेला संत्र्याची झाडं. सरकारी नजरेनं तो अगदी निरुपयोगी माणूस होता. स्वतःसाठी काही मागतच नव्हता, त्यामुळे त्याला नाही तरी काय म्हणणार? तो दुसऱ्यांसाठी मागायचा. दरसाली बंडी जुंपून गावोगावचे पेन्शनर गोळा करायचा, नांदगाव खंडेश्वरवरून आदल्या दिवशीच येऊन राहिलेल्या देवीदासपर्यंत सगळे. देवीदासचे दोन्ही कान तोफांनी नेले होते. हे सगळं वऱ्हाड पालथं घालून पंजाबराव घरी आला की मैनाबाई भाकर वाढता वाढता म्हणायची, "आले का पलटणीची माय?"

मागच्या पेशीला चंद्रभान कुबडीवर लटपटला आणि साहेबाच्या टेबलापुढं पडला. त्याच्या नावापुढं शेरा आला: हयात संशयास्पद. यंदा उरलेल्या पायाचा गुडघा वातानं भोपळ्याएवढा झाला होता. यंदा पडला तर संशयही राहणार नव्हता.

पंजाबराव नाझरकडं गेला. नाझर म्हणजे कचेरीतल्या टेबलं, खुर्च्या, दौती आणि चपराशी यांचा धनी. पुण्याकडचा माणूस, वऱ्हाडी ऐकलं की कानात पाणी गेल्यासारखा चेहरा करायचा.

"साहेब, चंद्रभानले बसाले कायतरी पाह्यजे होतं. पेशीपुरतं."

"साहेबांसमोर बसायला? तो कुर्सीनशीन आहे का?"

"ते काय असते जी?"

"सरकारपुढे खुर्चीवर बसण्याचा हक्क. मोठे जमीनदार, सावकार, राजनिष्ठ मंडळी. सनद असते त्यांच्याकडे. खुर्ची म्हणजे काय लाकूड वाटलं का तुम्हाला? मान आहे तो."

नाझरच्या मागं छतापर्यंत मान रचून ठेवलेला होता. कोणाचा हात तुटलेला, कोणाचा पाय.

"मंग त्या मांगच्यातली एखांदी?"

"त्या मोडक्या आहेत. त्यांच्यावर तर लाटसाहेबालाही बसता येणार नाही."

"एका पायाचा मानूस हाय जी, तीन पायाची खुर्ची चालन त्याले."

नाझर हसला नाही. हसण्याचा अधिकार त्याच्या हुद्द्याला नसावा. "सनद पाहिजे तर कमिटीपुढे हजर करा त्याला. उमेदवारानं कमिटीपुढे उभं राहून विनंती करायची."

"तो उभाच राऊ शकत नाई. म्हनून तं खुर्ची मांगून राह्यलो."

"ज्याला उभं राहवत नाही," नाझर दोन्ही हात पोटावर ठेवून, मागं रेलून म्हणाला, "त्याला बसण्याचा मान कसा पेलेल?"

पंजाबराव घरी आला आणि सुताराकडून बाभळीची तिपाई करून घेतली. मैनाबाईनं ती पाहिली.

"माह्या दळायच्या घट्टीचा खुटा दोन सालापासून हालून राह्यला, तो नाई बसवत तुमच्यानं. अन् भाऊजीले तिपाई!"

"अवं, तो पडन तं मरन ना कागदावर."

"मरतीन तं तुमी काय जिते राहसान?" असं म्हणून तिनं जुन्या लुगड्याची चौघडी केली आणि तिपाईवर शिवून टाकली. "बाभूळ टोचते," एवढंच म्हणाली.

पेशीच्या दिवशी तिपाई फाटकातून आत गेली आणि तिथंच थांबली. नाझर धावत आला. बाहेरचं लाकूडसामान आवारात आणणं म्हणजे सरकारी जागेवर अतिक्रमण. तिपाई जप्त झाली. जप्त झाली म्हणून सरकारी झाली. सरकारी झाली म्हणून तिच्या पायावर पांढऱ्या रंगानं आकडा पडला. आकडा पडला म्हणून तिला कामावर लावणं भाग होतं. दुपारपर्यंत साहेबाच्या दाराचा चपराशी मैनाबाईच्या लुगड्यावर बसून पेन्शनरांना ओरडत होता, "ए, रांगेत उभे राहा!"

चंद्रभान बघत होता. "पंजाब्या," तो म्हणाला, "तिपाईले बी नोकरी लागली बे. आपूनच राहिलो."

रांग काही हलेना. साहेब जेवायला गेला होता. चंद्रभाननं सगळा भार कुबडीवर टाकला.

"गुडघा गेला," तो म्हणाला आणि फरशीवर बसला.

आता इथं एक सांगितलं पाहिजे. साल तीसचं. मिठाचं आंदोलन होऊन गेलं होतं, जंगलाचं चालू होतं. गावोगावची पोरं कचेऱ्यांपुढं येऊन बसायची, गाणी म्हणायची आणि उचलल्याशिवाय उठायची नाहीत. त्यामुळे पोलिसांना वरून ताकीद होती: आवारात जो बसला तो सत्याग्रही.

जमादार आला. "ऊठ."

"उठता येत नाई जी."

"सगळे असंच म्हनतेत. ऊठ!"

पंजाबरावानं एकदा जमादाराकडं पाहिलं, एकदा चंद्रभानकडं, आणि तो चंद्रभानच्या शेजारी बसला. खच्चर पलटणीची एक रीत होती. ओझ्यानं खच्चर बसलं तर त्याला मारायचं नाही, ओढायचं नाही. खच्चरवाल्यानंही त्याच्या बाजूला बसायचं. ते उठलं की उठायचं. गोऱ्या सार्जंटानं कितीही शिव्या घातल्या तरी ही रीत मोडत नसे, कारण बसलेलं खच्चर सार्जंटालाही उठवता येत नव्हतं.

"तू काहून बसला बे?" चंद्रभाननं विचारलं.

"खच्चर बसलं ना."

"मले खच्चर म्हनते काय रे, भोकन्या!"

मागच्यांनी पाहिलं. ती रीत त्यांच्याही अंगात होती. एकेक करत सगळी रांग बसली. देवीदास सगळ्यांत शेवटी बसला, कारण त्याला काही ऐकू आलं नव्हतं. पण बसल्यावर जमादाराचं "उठा"ही ऐकू आलं नाही, त्यामुळे सगळ्यांत पक्का सत्याग्रही तोच ठरला.

ज्या माणसांनी बादशहासाठी लढाई केली त्यांना बादशहाविरुद्ध बसल्याबद्दल शिक्षा झाली. जवळचे तुरुंग पोरांनी भरले होते, म्हणून यांना अकोल्याच्या बाजूला धाडलं.

तुरुंगात शिरताच वॉर्डर ओरडला, "बैठ जाव! गिनती!"

चंद्रभाननं मागंपुढं पाहिलं. "मले म्हनून राह्यला काय?"

"सब बैठो!"

सरकारनं त्याला आयुष्यात पहिल्यांदा बस म्हटलं होतं. गिनतीला उकिडवं बसायची पद्धत होती, पण एका पायानं उकिडवं बसणारा कैदी अजून सरकारला सापडला नव्हता, त्यामुळे तो बूड टेकून बसायचा आणि कोणी काही बोलायचं नाही. सकाळी बसला, दुपारी बसला, संध्याकाळी बसला. गुडघ्याची सूज उतरली.

"पंजाब्या, हे सरकार चांगलं हाय बे," तो म्हणाला. "आपून चुकीच्या दारातून जाऊन राह्यलो होतो."

पंजाबरावाला मात्र मळा दिसत होता. झेंडू खुडायला आला असेल, मैनाबाई एकटी असेल. ती खरंच एकटी खुडत होती, हार करत होती, आणि त्यातला निम्मा पैसा चंद्रभानच्या घरी नेऊन देत होती. न सांगता.

इकडं कचेरीत चंद्रभानचा निकाल लागला. तो पेशीत उभा राहिला नव्हता. बसला होता. बसविता येतो तो मयत. नियम स्पष्ट होता. चंद्रभान मयत झाला आणि त्याच्या बायकोला, गोदाबाईला, विधवेच्या पेन्शनसाठी बोलावणं आलं. ती आली. नाझरनं तिच्या कपाळाकडं पाहिलं.

"बाई, हे कुंकू कसं? ते पुसून यावं लागेल."

"काहून पुसू? नवरा जिता हाय माह्या. तुरुंगात हाय."

"तुरुंगात असेल. कचेरीत तो मयत आहे."

"मंग तुरुंगात कोनाले कोंडलं सरकारनं? भुताले?"

"तो दुसऱ्या खात्याचा प्रश्न आहे. पेन्शन पाहिजे ना?"

गोदाबाईनं तिथंच फरशीवर बोट घासलं, धूळ काढली आणि नाझरच्या टेबलावर एक टिकली ओढली. "हे घे. तुह्या कचेरीले लावते. तिचाच कोनी धनी दिसत नाई." आणि निघून आली. पेन्शन बंद झाली ती झालीच. त्या दिवसापासून चंद्रभानचं घर पंजाबरावाच्या मळ्यावर चाललं, आणि याबद्दल कधी कोणी कोणाला एक शब्द बोललं नाही.

पुढं वर दिल्लीला काहीतरी तडजोड झाली आणि सगळे सुटले. अमरावतीला सत्कार ठरला. सत्काराचे पुढारी वकील किसनराव. खादी स्वच्छ, आवाज मोठा. मांडव, मंच, मंचावर पुढाऱ्यांसाठी खुर्च्या. हार मैनाबाईच्याच हातचे होते. साहेबाच्या बदलीला जो झेंडू जायचा तोच स्वराज्यालाही गेला. झेंडूला मतं नसतात.

चंद्रभान मंचावर चढला आणि सवयीनं खुर्ची सोडून खाली टेकायला लागला. वकीलसाहेबांनी दंड धरला.

"नाही, नाही, चंद्रभानजी! आपण उभेच राहा."

"गुडघा दुखते जी."

"भाषण होईपर्यंतच. आपण बसलात की पाय, म्हणजे तो नसलेला पाय, धोतरात झाकला जातो. लोकांना त्याग दिसला पाहिजे."

"तो तं बसऱ्याले गेल्ता जी. गोऱ्याइच्या खुर्च्याइच्या पेटीखाली."

"ते आज सांगू नका."

पंजाबराव मंचाच्या पायऱ्यांशी होता. म्हणाला, "वकीलसाहेब, त्याले बसू द्या जी. त्याच्यापायीच तं एवढं झालं."

"पंजाबराव, देशासाठी एवढं उभं राहता येत नाही?" असं म्हणून वकीलसाहेब देशासाठी खुर्चीवर बसले, आणि आपली पाळी आल्यावर बोलायला उठले. भाषण लांबलं. दाखले आले, सुभाषितं आली, शेर आला. चंद्रभाननं कुबडी दोन्ही हातांनी धरली. शेराच्या दुसऱ्या ओळीला तो तोंडावर पडला.

"पाहा!" वकीलसाहेब गरजले. "पाहा, मातृभूमीला दंडवत!"

टाळ्यांनी मांडव दणाणला. कोणीही जागचं उठलं नाही. पंजाबराव तेवढा पायऱ्या चढून गेला आणि चंद्रभानचं नाक आपल्या फेट्यानं पुसत राहिला. लोकांना वाटलं, तोही कार्यक्रमाचाच भाग आहे.

आणखी काही सालं गेली. निवडणुका झाल्या, प्रांतात आपल्या माणसांचं मंत्रिमंडळ आलं, किसनराव जिल्हा बोर्डाचे अध्यक्ष झाले. कुर्सीनशीनी पहिल्याच बैठकीत उडवली. पंजाबराव आनंदानं गेला; बोर्डही त्याच कचेरीत बसायचं. चपराशी नवा होता, तिपाई तीच होती. लुगड्याची चौघडी झिजून मधे भोक पडलं होतं.

"आता तं चंद्रभान बसू शकते ना जी?"

"असं पाहा," अध्यक्ष म्हणाले, "पूर्वी काही लोक बसायचे, काही उभे राहायचे. तो अन्याय होता. आता सगळे समान. म्हणून सगळेच उभे."

"अन् तुमी?"

"कोणीतरी बसल्याशिवाय बाकीचे समान उभे आहेत हे कळणार कसं? पूर्वी तुम्ही गुलामीनं उभे राहत होता, पंजाबराव. आता आदरानं राहायचं. फरक अंगात मुरायला वेळ लागतो."

"त्याची पेन्शन? तो अजून मेलेलाच हाय तुमच्या इथं."

"तेच सांगणार होतो. त्याच्यासाठी फार मोठं काम केलंय बोर्डानं."

काम खरंच मोठं होतं. चौकात दगडी ओटा बांधला होता, ओट्यावर उभी शिळा, शिळेवर हुतात्म्यांची नावं. पहिलंच नाव चंद्रभानचं. इंग्रज सरकारच्या आणि आपल्या सरकारच्या कागदात एवढ्या एका बाबतीत एकमत होतं, ते मोडायला कोणीच तयार नव्हतं.

पंजाबरावानं बंडीतून चंद्रभानला ओटा दाखवायला आणला. चंद्रभाननं शिळा पाहिली. मग ओटा पाहिला. ओटा छान होता, गुळगुळीत, कमरेएवढा, वर कडुनिंबाची सावली. तो हळूच टेकला. त्याच्या आयुष्यात सरकारी जागेवर, तुरुंग आणि कचेरीची फरशी सोडून, पहिल्यांदा.

"ओ आबाजी!" बोर्डाचा चौकीदार धावत आला. "दिसत नाई काय? हुतात्म्याइचा ओटा हाय. बसाची मनाई हाय!"

"त्यायचंच नाव हाय ना बापा वर," पंजाबराव म्हणाला.

"मंग तं त्यायनं जास्त मान ठेवला पाह्यजे."

पानाच्या दुकानापुढच्या बाकावर गावची चार माणसं बसली होती. ती हसली. एकजण म्हणाला, "कमाल हाय राजा," आणि त्यांनी चहा मागवला.

परत येताना बंडी मळ्यापाशी थांबली. झेंडू फुलला होता. मैनाबाईनं एक टोपलं पालथं घातलं, त्यावर गोधडी टाकली. "बसा भाऊजी. इथं काई कोनाची मनाई नाई." आणि ती खुडायला निघून गेली.

चंद्रभान टोपल्यावर बसला.

"पंजाब्या, त्या नाझरचा कायदा याद हाय का बे? मेलेल्याले बसवता येते म्हने."

"हाय ना."

"मंग मी मेलो की मले तिरडीवर आडवा नोको नेऊ. बसवून ने. फेटा बांध, लोडाले टेकव. त्या कचेरीपुढून ने, त्या चौकातून ने. कायद्यानं माह्या हक्क हाय. पाहू कोन उठ म्हनते."

"लोकं हासतीन बे."

"आताच काय रडून राह्यले?"

पंजाबरावानं एक फूल खुडलं आणि चुरगाळलं. "नेतो," तो म्हणाला.

"खांद्याले चार लागते. तू एक. देवीदास दुसरा, त्याले कोनाचं हासनं आयकू येत नाई. माह्यं पोरगं तिसरं. चौथा कोन?"

"भेटन."

"कोन भेटन बे? सारे बसेल हायेत."

"हे सारं आयकून जो बसल्या जाग्यावरून उठन, तो चौथा."

चंद्रभान हसायला लागला. इतका की टोपलं कुरकुरलं. "अन् नाईच उठला कोनी तं?"

"तं मंग तुही शप्पत घेऊन सांगतो," पंजाबराव म्हणाला, "तुले पाठंगुळी मारतो, दजलेच्या काठानं आनला तसा. कचेरीपुढून नेतो, चौकातून नेतो, त्या ओट्यावर टेकवतो अन् मंग नेतो. पर जाशीन तं तू बसूनच जाशीन."